पंधरा दिवसांचा पगार, दोन वर्षांचा फिटर

आयटीआयच्या दारात दर पावसाळ्यात रांग लागते ती सोळा-सतरा वर्षांच्या पोरांची. सोबत आई नाहीतर मामा, हातात प्लास्टिकची फाईल, फाईलमध्ये दहावीची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला. त्या रांगेत पंचेचाळीस वर्षांचा माणूस दिसला तर तो कुणाचा तरी बाप असणार, असं शिपाई धरून चालतो. त्याला बाजूच्या बाकावर बसायला सांगतो.

गंमत अशी की ही संस्था मुळात त्या बापासाठीच निघाली होती.

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा इंग्रज सरकारपुढे एक अडचण उभी राहिली. लाखो हिंदी जवान सैन्यातून सुटणार होते. त्यांना बंदूक चालवता येत होती, ट्रक हाकता येत होता; पण गावी परतल्यावर करायचं काय? जुलै 1945 मध्ये दिल्लीत पुनर्वसन आणि रोजगार यासाठी एक स्वतंत्र महासंचालनालय उघडलं गेलं. सुटलेल्या जवानांना नोकरी शोधून देणं आणि ज्याच्या हातात हुन्नर नाही त्याला तो देणं, ही त्याची दोन कामं. आज ज्याला सेवायोजन कार्यालय म्हणतात आणि जिथे नाव नोंदवून पिढ्याच्या पिढ्या वाट पाहत बसल्या, त्याचं मूळ तिथलं. दोन वर्षांत फाळणी झाली आणि जवानांच्या जोडीला निर्वासित आले. मग 1948 मध्ये त्या कार्यालयांची दारं सगळ्यांनाच उघडली. 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली. तिच्यातून देशभर सुरुवातीला पन्नासच्या आसपास औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. 1956 मध्ये त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. म्हणजे आयटीआय हे एका विस्कटलेल्या पिढीसाठी सरकारने काढलेल्या वर्गाचं पुढचं रूप आहे. पहिले विद्यार्थी मिसरूड फुटायच्या वयाचे नव्हते. ते संसार मोडून आलेले होते.

या कहाणीतली दोन्ही पात्रं, जवान आणि निर्वासित, एकाच जमिनीवर पाहायची असतील तर उल्हासनगरइतकी योग्य जागा महाराष्ट्रात नाही. कल्याणच्या पलीकडे युद्धकाळात लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसं राहायला आली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं शहर झालं आणि उल्हास नदीवरून त्याला नाव मिळालं. नाव बदललं तरी छावणी गेली नाही. आजही पत्ता विचारला की माणूस 'कॅम्प तीन', 'कॅम्प पाच' असाच सांगतो. पंचाहत्तर वर्षांनंतरही ज्या शहराचा पत्ता छावणीच्या नंबराने सांगितला जातो, तिथे उखडलेल्या माणसाला पुन्हा उभं करण्याच्या सरकारी कल्पनेची आठवण काढणं वावगं ठरू नये. स्मृतिव्याख्यान एरवी व्यक्तीच्या नावाने होतं. आज ते थोडंसं या कल्पनेच्या नावाने झालं तर श्रोत्यांनी चालवून घ्यावं.

त्या काळी निर्वासिताला काय काय मिळालं, ते पाहण्यासारखं आहे. आधी डोक्यावर छप्पर, मग शिधा. व्यवसायासाठी कर्ज हवं असेल तर 1948 च्या कायद्याने पुनर्वसन वित्त प्रशासन नावाची स्वतंत्र यंत्रणा केली होती. मुलांना शाळा होत्या. आणि या सगळ्यांच्या सोबत प्रशिक्षण होतं. उत्तरेत एस. के. डे यांनी निलोखेडीला जे गाव वसवलं तेही याच विचाराने. कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीतलं तंत्रप्रशिक्षण केंद्र उचलून तिथे नेलं आणि त्याच्याभोवती वस्ती, दवाखाना, बाजार उभा केला. प्रशिक्षण हे पाच-सहा गोष्टींतलं एक होतं. एकट्याने उभं राहायची वेळ त्याच्यावर आली नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर भाषण सरकारी जाहिरातीसारखं होईल. उल्हासनगर काही प्रमाणपत्रांवर उभं राहिलं नाही. आलेल्या माणसांत व्यापाराची हातोटी पिढीजात होती. बायकांनी बराकीत पापड लाटले, पुरुषांनी लोकलच्या डब्यात गोळ्या-बिस्किटं विकली, आणि यंत्र उघडून पाहून, मोडून, पुन्हा जोडून लोक कारागीर झाले. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद देशभर फिरला. त्यात टवाळी होती तेवढंच कौतुकही होतं. पण ज्याला उद्याच्या जेवणाची हमी आहे तोच यंत्र मोडून पाहायचं धाडस करतो. ती हमी बराकीने आणि शिध्याने दिली होती.

त्याच सुमारास रुळाच्या दुसऱ्या बाजूला निराळी दुनिया आकार घेत होती. अंबरनाथला 1919 मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीचा कारखाना होता. 1923 मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विम्को, आगकाड्या काढत होती. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आला; जवळच दारूगोळ्याचा कारखाना होता. मोहन्याला नॅशनल रेयॉन, शहाडला 1956 पासून सेंच्युरी रेयॉन. 'पोरगा कंपनीत लागला' हे वाक्य या पट्ट्यात लग्न ठरायला पुरेसं होतं. कुठली कंपनी ते नंतर विचारायचे, परमनंट आहे का ते आधी.

कंपनीत लागलेल्या माणसाला सरकारी प्रशिक्षणाची गरज पडली नाही, कारण कंपनी हीच शाळा होती. शिकाऊ म्हणून लागायचं, बदली म्हणून राबायचं, मग खातं मिळायचं. रेयॉनच्या स्पिनिंग खात्यातलं काम पुस्तकात शिकवता येत नाही. लाकडाचा लगदा कॉस्टिकमध्ये भिजतो, कार्बन डायसल्फाइडशी त्याची गाठ पडते, मधासारखा चिकट द्राव होतो आणि तो बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात उतरला की धागा होतो. धागा तुटणार हे मुरलेल्या कामगाराला तो तुटण्याआधी कळतं. या कौशल्याला बाजारात मोल किती? ज्या गावात रेयॉनचा कारखाना चालू आहे तिथे खूप. तो बंद पडला की शून्य.

आणि कारखाने बंद पडू लागले. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याचं पुढे काय झालं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. लालबाग-परळच्या खोल्या विकून कितीतरी कुटुंबं मध्य रेल्वेच्या रुळांवरून वर सरकत अंबरनाथ-बदलापूरला आली. गिरणीतला जॉबर इथल्या इमारतीच्या दाराशी खुर्ची टाकून बसला. त्याला मिळालेलं नवं कौशल्य म्हणजे वहीत गाड्यांचे नंबर लिहिणं. मग या पट्ट्यातल्या कारखान्यांची पाळी आली. अंबरनाथमध्ये आज रिक्षावाला विम्को नाक्याला सोडतो; काडेपेटीची आठवण निघते ती नाक्याच्या नावापुरती. मोहन्याच्या नॅशनल रेयॉनला, म्हणजे लोकांच्या तोंडच्या एनआरसीला, नोव्हेंबर 2009 मध्ये टाळं लागलं. हजारो कामगार एका फाटकाबाहेर उभे राहिले आणि पुढची कित्येक वर्षं हिशेब, पीएफ, ग्रॅच्युइटी आणि कंपनीच्या खोल्या या चार शब्दांभोवती त्यांचं आयुष्य फिरलं. प्रकरण शेवटी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. एखादी कंपनी दिवाळखोरीच्या रांगेत उभी असते तेव्हा तिचा कामगारही त्या रांगेत असतो, फक्त त्याला बसायला जागा नसते.

कामगाराला 'बंद' हा शब्द कळतो: भोंगा वाजत नाही, धुराडं थंड, गेटवर पोलीस. कायद्याला तो कळत नाही. कायद्याच्या शब्दकोशात टाळेबंदी वेगळी, काम-बंदी वेगळी, छाटणी वेगळी, समापन वेगळं. शंभरावर कामगार असलेला कारखाना कायमचा बंद करायचा तर औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे सरकारची परवानगी लागायची. ती मागण्यापेक्षा टाळं लावून गप्प बसणं मालकांना सोपं पडायचं. परिणाम असा की कारखाना दहा वर्षं बंद आहे आणि कागदावर तो बंद झालेलाच नाही! याचा प्रशिक्षणाशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध थेट आहे. 15 सप्टेंबर 1986 पासून लागू झालेली कापड कामगार पुनर्वसन निधी योजना घ्या. बंद गिरणीतल्या कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50 आणि तिसऱ्या वर्षी 25 टक्के रक्कम देण्याची तिची सोय होती. कल्पना उत्तम होती: तीन वर्षांत हळूहळू आधार काढायचा, तोवर माणसाने नवं काही धरायचं. पण अट अशी की गिरणी रीतसर परवानगीने बंद झालेली असावी किंवा तिच्यावर अवसायक नेमलेला असावा. नुसतं टाळं चालत नसे. आधाराला पात्र ठरायला आधी कारखाना कागदोपत्री मरावा लागे.

1991 मध्ये आर्थिक धोरण बदललं तेव्हा सरकारला हे दिसत होतं की उदारीकरणात माणसं कामावरून जातील. म्हणून फेब्रुवारी 1992 मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला. काम गेलेल्यांचं समुपदेशन, फेरप्रशिक्षण आणि फेरनियुक्ती हा त्याचा जाहीर हेतू. मुंबई, अहमदाबाद, कानपूर, इंदूर आणि कोलकाता ही गिरण्यांची शहरं नजरेसमोर होती. कागदावर पाहिलं तर भारतात कामगारांच्या फेरप्रशिक्षणासाठी याहून मोठी घोषणा त्याआधी झालेली नव्हती. प्रत्यक्षात निधीतला बहुतेक पैसा केंद्र सरकारच्या स्वतःच्या कंपन्यांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर गेला. पुढचं काम शिकवण्यासाठी उभारलेली तिजोरी माणसाला घरी पाठवण्यासाठी उघडली गेली. खासगी गिरणीतला कामगार बाहेरच राहिला. जुलै 2000 मध्ये निधी गुंडाळला. त्यानंतर आलेली समुपदेशन-फेरप्रशिक्षण योजना तर केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांतल्या स्वेच्छानिवृत्तांपुरतीच होती. मोहन्याच्या कामगाराचा तिच्याशी काही संबंध आला नाही.

एक योजना मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. 1 एप्रिल 2005 पासून कर्मचारी राज्य विमा महामंडळाने राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू केली. विमाधारक कामगाराचं काम छाटणीमुळे किंवा कारखाना बंद झाल्यामुळे गेलं तर त्याला पगाराच्या निम्मा बेरोजगार भत्ता. सुरुवातीला सहा महिने. पुढे मुदत वाढत दोन वर्षांपर्यंत गेली, दुसऱ्या वर्षी 25 टक्के. आणि त्याच्या जोडीला, सरकारच्या प्रगत प्रशिक्षण संस्थांत नवं काम शिकायचं असेल तर फी आणि जाण्यायेण्याचं भाडं महामंडळ देणार. एका हातात घरखर्च, दुसऱ्या हातात शिक्षण. निर्वासितांच्या काळानंतर या दोन गोष्टी एका कागदावर पुन्हा आल्या त्या इथेच.

उल्हासनगरला राज्य कामगार विमा योजनेचं रुग्णालय आहे. या पट्ट्यातल्या घराघरात 'ईएसआय' हा शब्द माहीत आहे, पण त्याचा अर्थ 'ताप आला की रांगेत उभं राहायची जागा' इतकाच. त्याच कार्डावर बेरोजगार भत्ता मिळतो आणि फीसुद्धा मिळते, हे किती घरांत ठाऊक असेल? ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यापुढे आणखी एक पायरी होती. विम्याला पगाराची मर्यादा आहे. ऑक्टोबर 2006 पासून ती 10 हजार रुपये होती, मे 2010 मध्ये 15 हजार झाली आणि जानेवारी 2017 पासून 21 हजार. वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेला, युनियनच्या करारात पगार वाढलेला परमनंट कामगार मर्यादेच्या बाहेर गेला की कार्ड जातं आणि कार्डासोबत भत्ताही. म्हणजे ज्याला नवं काम शिकणं सगळ्यात अवघड तोच योजनेच्या बाहेर. 2018 मध्ये आलेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत भत्ता आयुष्यात एकदा, तोही जास्तीत जास्त 90 दिवस. कोविडच्या काळात त्याचा दर 25 वरून 50 टक्के झाला, हे चांगलंच झालं. पण नव्वद दिवसांत माणूस नोकरी शोधेल, व्यवसाय शिकेल की भाडं थकवेल?

समजा, एक कामगार आहे. वय 47, स्पिनिंग खात्यात 22 वर्षं, मुलगी बारावीला, सोसायटीच्या कर्जाचे हप्ते चालू. आयटीआयमध्ये आज वयाची वरची मर्यादा नाही. चौदाच्या पुढे कुणीही अर्ज करू शकतो. कागदावर दार उघडं आहे. पण फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वेल्डरचा एक. शासकीय संस्थेची फी माफक असते, ती तो मेव्हण्याकडून आणेल. खरी फी वेगळीच आहे: दोन वर्षं न मिळालेली मजुरी. सकाळी आठला वर्गात बसलेला माणूस नाक्यावर उभा राहू शकत नाही. मुलीच्या वयाच्या पोरांमध्ये बसायची लाज हा भाग वेगळा, आणि तो लहान नाही. प्रशिक्षणाचा खर्च मोजताना सरकार शिक्षकाचा पगार आणि यंत्रांची किंमत मोजतं. विद्यार्थ्याच्या घरातला गॅस सिलिंडर कुणी मोजत नाही.

मग तो काय शिकतो? नव्वदीच्या दशकात अशा वर्गांतून शिवणकाम, रिक्षा चालवणं, टीव्ही दुरुस्ती, फोटोग्राफी असे विषय असायचे. आज मोबाइल दुरुस्ती आणि संगणकावर टंकलेखन असतं. या विषयांना नावं ठेवायचं कारण नाही. पण त्यांच्या निवडीत एक आळस आहे. माणसाला आधीच काय येतं हे विचारायचा आळस. रेयॉनच्या कारखान्यात धागा काढणारेच नव्हते. बॉयलर सांभाळणारे होते, पंप-मोटारी उघडणारे फिटर होते, वायरमन होते, आम्लाच्या टाक्यांवर काम केलेले, सांडपाण्याच्या प्रक्रियेवर बसलेले होते. आणि जवळच अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. त्यांना नेमकी हीच माणसं लागतात. बॉयलरवर प्रमाणपत्रधारक अटेंडंटच असला पाहिजे, ही कायद्याची अट आहे. वीस वर्षं बॉयलरशेजारी मदतनीस म्हणून काढलेल्या माणसाला दोन वर्षांचा वर्ग नको आहे. त्याला परीक्षेची तयारी, अनुभवाचा दाखला आणि अर्ज भरून देणारा कुणीतरी हवा आहे. वायरमनला परवाना हवा आहे. सरकारी भाषेत याला पूर्वकौशल्य मान्यता म्हणतात. या भारी नावामागे साधी गोष्ट आहे: येतं ते तपासा, कमी असेल तेवढंच शिकवा, कागद द्या. फेरप्रशिक्षणाच्या सगळ्या प्रकारांत हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा आहे, असं प्रस्तुत वक्त्याचं ठाम मत आहे.

एक अडचण मात्र आहे. अनुभवाचा दाखला देणार कोण? कंपनीचं टाइम ऑफिस टाळ्याच्या आत राहिलेलं असतं.

विम्को ज्या स्वीडिश काडेपेटी उद्योगाने इथे आणली त्या स्वीडनमध्ये ही अडचण फार पूर्वी ओळखली गेली. तिथे मालक आणि कामगार संघटना यांच्या करारांतून रोजगार सुरक्षा मंडळं उभी राहिली. पांढरपेशांसाठी 1974 मध्ये, कारखान्यातल्या कामगारांसाठी पुढे 2004 मध्ये. मंडळाला पैसा मालकांकडून येतो आणि नोटीस निघाली की मंडळाचा सल्लागार त्या माणसाला भेटतो. तेव्हा तो अजून कामावर असतो, त्याचा मुकादम अजून त्याच्या कामाबद्दल सांगू शकतो, यंत्र अजून चालू असतं. जर्मनीत तर छाटणी झालेल्यांना जास्तीत जास्त वर्षभर एका तात्पुरत्या कंपनीच्या पटावर घेतात. तिथे उत्पादन काही नसतं, भत्ता, शिक्षण आणि नोकरीचा शोध असतो. अमेरिकेची गोष्ट उलटी आहे. परदेशी मालामुळे काम गेलेल्यांसाठी तिथे 1962 पासून मोठी योजना होती, वर्षावर्षाचं शिक्षण दिलं जायचं. पण तिच्या 2012 च्या मूल्यमापनात असं दिसलं की चार वर्षांनंतरही योजनेत आलेल्यांची कमाई इतर बेकारांच्या मागेच होती. वर्गात बसलेली वर्षं कामाविना गेली आणि शिकलेलं काम त्यांच्या गावात नव्हतं. 2022 मध्ये त्या योजनेत नवे अर्ज घेणं थांबलं. श्रीमंत देशाला जे पैसा ओतून जमलं नाही, ते आपल्याकडे जाहिरात देऊन जमेल असं समजू नये.

उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्याचाही इथे उल्लेख व्हायला हवा, कारण यापुढे काम जाईल ते बहुधा तसं जाईल. कॅम्प पाचच्या गल्ल्यांत शिवली-धुतली जाणारी जीन्स देशभर जायची आणि धुलाईचं निळं पाणी वालधुनी नदीत. न्यायालयात लढा झाला, प्रदूषणाच्या कारवाईत धुलाईचे कारखाने बंद केले गेले. नदीच्या बाजूने पाहिलं तर कारवाई योग्यच होती, याबद्दल शंका नको. पण त्या दगडी हौदांपाशी उभा असलेला उत्तर प्रदेशातला पोरगा कुणाच्या पटावर नव्हता. त्याला छाटणीची नोटीस नाही, विम्याचं कार्ड नाही. एक दिवस वीज तोडली आणि तो गावाकडच्या गाडीत बसला. हवामानासाठी, नदीसाठी, हवेसाठी उद्या आणखी कारखाने बंद करावे लागतील. त्या निर्णयाच्या फाईलमध्ये कामगाराचं एक पान असावं, एवढी अपेक्षा फार नाही.

आता नवा कायदा आला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेत, 83 व्या कलमात, कामगार पुनर्कौशल्य निधी आहे. नाव वाचून आशा वाटते. तरतूद अशी: छाटणी झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने त्याच्या शेवटच्या पगाराच्या हिशेबाने 15 दिवसांची रक्कम निधीत भरायची आणि छाटणीपासून 45 दिवसांत ती कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. फेरप्रशिक्षणासाठी मालकाने पैसे द्यायचे हे तत्त्व कायद्यात आलं, त्याचं स्वागत करायला हवं. त्यापुढे मात्र प्रश्न सुरू होतात. महिना 18 हजार कमावणाऱ्याच्या खात्यात 9 ते 10 हजार रुपये येतील. त्यातून तो किराणा भरेल, आणि त्याने तो भरलाच पाहिजे. वर्ग कुठला, शिकवणार कोण, शिकेपर्यंत घर कसं चालणार, याबद्दल कलम गप्प आहे. शिवाय ही रक्कम फक्त छाटणीच्या वेळी. कारखानाच बंद झाला तर हे कलम लागू होत नाही. मुदतीच्या करारावरच्या कामगाराची मुदत संपली तर ती छाटणी धरली जात नाही. आणि बंद करण्यासाठी परवानगीची अट आता शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या वर. या पट्ट्यातल्या एमआयडीसीत तीनशे कामगार एका पटावर असलेले कारखाने शोधावे लागतील. मोहन्यासारखा प्रसंग उद्या पुन्हा आला तर पुनर्कौशल्य निधी फाटकाबाहेरच उभा राहील, कामगारांच्या शेजारी.

राज्य सरकारही गप्प बसलेलं नाही. 2024 मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत कामावर राहून शिकायचं आणि शिक्षणाप्रमाणे महिना 6, 8 किंवा 10 हजार रुपये विद्यावेतन घ्यायचं, अशी सोय झाली. शिकताना पैसे देण्याचं तत्त्व बरोबर पकडलं आहे. वयोमर्यादा 18 ते 35. पंचेचाळीसच्या माणसाला इथेही बाजूच्या बाकावर बसायला सांगितलं आहे.

मागणी काय करायची, ती लांबलचक नको. नोटीस लागली किंवा मालक टाळं लावणार अशी चाहूल कामगार आयुक्तांच्या कार्यालयाला लागली की त्याच आठवड्यात अंबरनाथ किंवा उल्हासनगरच्या आयटीआयचे दोन निदेशक कारखान्यात जावेत. खात्यावर उभं राहून कुणाला काय येतं ते लिहून घ्यावं आणि टाइम ऑफिस उघडं आहे तोवर अनुभवाचे दाखले करून घ्यावेत. विम्याचा भत्ता शिकणाऱ्याला शिक्षण संपेपर्यंत मिळावा आणि छाटणी, टाळेबंदी, समापन असा भेद त्यापुरता बाजूला ठेवावा. संध्याकाळी सहानंतर आयटीआयच्या कार्यशाळा रिकाम्या असतात, त्यात चाळिशीच्या पुढच्यांचे वर्ग भरावेत. यातल्या पहिल्या गोष्टीला तर नवा पैसाही लागत नाही, दोन माणसांचं रिक्षाभाडं लागतं.

आणि समोर बसलेल्यांपैकी जे अजून कामावर आहेत त्यांना एक विनंती. कंपनी अडचणीत आली की मॅनेजमेंट एक छापील कागद पुढे करते. वर ठळक अक्षरात किती लाख मिळणार ते असतं आणि खाली बारीक अक्षरात 'राजीनामा', 'स्वेच्छानिवृत्ती' किंवा 'छाटणी' यांपैकी एक शब्द असतो. पहिल्या दोन शब्दांवर सही केली की विम्याचा बेरोजगार भत्ताही जातो आणि नव्या निधीतले 15 दिवसही. लाखांचा आकडा घरी जाऊन वाचता येतो. तो एक शब्द सही करण्याआधी वाचा, जमलं तर युनियनच्या माणसाकडून वाचून घ्या आणि त्या कागदाची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा.